गाळणी कोठे बसवावी?

"डॉक्टर, घरात एअर प्युरिफायर घ्यावा का? आणि घ्यायचाच तर कोणता?" हा प्रश्न गेल्या काही हिवाळ्यांत आपल्यापैकी बहुतेकांना विचारला गेला असेल. प्रश्न विचारणारे रुग्ण बहुधा वेसू, सिटीलाइट किंवा अडाजण भागातील असतात. पांडेसरा, उधना, लिंबायत, डिंडोली येथील रुग्ण हा प्रश्न विचारत नाहीत. ते खोकल्याचे औषध मागतात आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाता येईल ना, एवढेच विचारतात. वास्तविक हवा शुद्ध करण्याच्या साधनांची गरज कोणाला अधिक आहे, हे या दोन प्रश्नांच्या तुलनेतूनच स्पष्ट व्हावे.

प्रस्तुत लेखात मला एकच मत मांडावयाचे आहे. हवा गाळण्याची योग्य जागा रुग्णाच्या शयनगृहात नसून धुराड्याच्या मुखाशी आहे. मात्र धुराड्याशी गाळणी बसवली म्हणजे काम झाले असेही नाही. ती गाळणी रात्रंदिवस चालते की नाही हे मोजले गेले पाहिजे, मोजणारा कारखानदाराच्या पैशावर अवलंबून असता कामा नये आणि मोजमापाचा कारखान्याच्या हिशेबावर काही परिणाम झाला पाहिजे. या तिन्ही गोष्टी आपल्या सुरत शहरात प्रत्यक्ष करून पाहिल्या गेल्या आहेत. जगभरचे अर्थशास्त्रज्ञ आज सुरतेचे उदाहरण देतात, परंतु सुरतेतील वैद्यकीय व्यावसायिकांत त्याची चर्चा फारशी ऐकू येत नाही. ही उणीव भरून काढावी, हा या लेखनामागील हेतू आहे.

निसर्गाने दिलेली गाळणी

गाळण्याचे शास्त्र आपल्याला नवे नाही. नाकापासून वायुकोशांपर्यंतचा मार्ग ही एक उत्तम गाळणीच आहे. माणसाच्या केसाची जाडी साधारणतः ७० मायक्रॉन धरली, तर १० मायक्रॉनपेक्षा मोठे बहुतेक कण नाकातील केस, नाकाच्या आतील वळणे आणि घसा येथेच अडकतात. हवा वळते, जड कणाला तितक्या चटकन वळता येत नाही, म्हणून तो भिंतीवर आदळून तेथील चिकट स्रावात बसतो. त्याहून लहान कण श्वासनलिकांच्या शाखांत अडकतात आणि सिलियांच्या लयबद्ध हालचालीने श्लेष्म्याबरोबर वर ढकलले जातात. पण २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण या सर्व चौक्या ओलांडून वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतात. तेथे मॅक्रोफेज पेशी त्यांना गिळण्याचा यत्न करतात, दाह निर्माण होतो आणि त्या दाहाचे परिणाम फुफ्फुसापुरते मर्यादित राहत नाहीत. हृदयविकार, पक्षाघात, फुफ्फुसांचा कर्करोग या सर्वांशी सूक्ष्म कणांचा संबंध प्रस्थापित झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली बाहेरील हवेच्या प्रदूषणाला निश्चित कर्करोगकारक ठरवले.

कारखान्यात वापरली जाणारी साधनेही याच तत्त्वांवर चालतात, हे पाहून मौज वाटते. पहिले साधन सायक्लोन. त्यात धूर गोल फिरवला जातो, जड कण भिंतीवर आदळून खाली पडतात. नाकाच्या वळणांचेच हे लोखंडी रूप म्हणता येईल. त्याची मर्यादाही नाकासारखीच आहे. मोठे कण अडकतात, सूक्ष्म कण निसटतात. दुसरे साधन स्क्रबर. त्यात धुरावर पाण्याचा फवारा सोडतात, श्लेष्म्याप्रमाणे ओलावा कणांना धरून ठेवतो. योग्य रसायन मिसळले तर काही वायूही त्यात शोषले जातात. मात्र हवेतील घाण पाण्यात उतरते आणि त्या पाण्याची सोय लावावी लागते. तिसरे साधन बॅग फिल्टर, म्हणजे कापडी पिशव्यांची रांग. धूर पिशवीतून आरपार जातो, धूळ बाहेर राहते. गंमत अशी की, कापडावर साचलेला धुळीचा पातळ थर स्वतःच गाळणीचे काम करू लागतो. चौथे साधन ईएसपी, अर्थात विद्युतभार देऊन कण पट्ट्यांवर ओढून घेणारे यंत्र. अमेरिकेतील फ्रेडरिक कॉट्रेल यांनी १९०७-०८ च्या सुमारास ते व्यवहारात आणले. बॅग फिल्टर आणि ईएसपी ही दोन्ही साधने नीट चालवली, तर धुरातील ९९ टक्क्यांहून अधिक कण अडवू शकतात.

आपल्या शस्त्रक्रियागृहांतील हेपा फिल्टर हा याच कुळातला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अणुसंशोधनातील किरणोत्सारी धूळ अडवण्यासाठी तो विकसित झाला. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणे ही त्याची कसोटी होय. ०.३ मायक्रॉनच का? कारण त्याहून मोठे कण आदळून किंवा धाग्याला घासून अडकतात, त्याहून लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात सैरावैरा फिरतात आणि धाग्यांना चिकटतात. मधल्या आकाराचे कण मात्र दोन्ही सापळ्यांतून निसटू पाहतात. म्हणून कसोटी त्यांच्यावरच घ्यायची. कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलेल्या एन-९५ मास्कमधील ९५ चा अर्थही हाच, की जवळपास याच आकाराचे किमान ९५ टक्के कण त्याने अडवले पाहिजेत.

तात्पर्य, गाळण्याची विद्या शतकभर जुनी आहे, सिद्ध आहे आणि बाजारात विकत मिळते. मग हवा स्वच्छ का नाही?

साधन आहे, पण चालते का?

सुरतेचे वैभव कृत्रिम धाग्याच्या कापडावर उभे आहे. लूमवर विणलेले कोरे कापड पांडेसरा, सचिन, पलसाणा, कडोदरा येथील डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये जाते. कापड रंगवण्यास आणि सुकवण्यास वाफ लागते, वाफेसाठी बॉयलर लागतो आणि बॉयलरमध्ये प्रामुख्याने दगडी कोळसा व लिग्नाइट जळते. शहराच्या हवेतील धुळीत वाहने, बांधकामे, रस्त्यावरील माती, स्वयंपाकाची चूल यांचाही वाटा असतो, हे मान्य करूनही बॉयलरच्या धुराड्यांचा वाटा दुर्लक्षिता येत नाही.

या बहुतेक मिलमध्ये धूर गाळण्याची साधने आधीपासूनच आहेत. ती बसवल्याखेरीज परवानगीच मिळत नाही. परंतु साधन असणे आणि साधन चालणे यांत पुष्कळ अंतर आहे. बॅग फिल्टरचेच उदाहरण घ्या. पिशव्यांवर धूळ साचली की धुराला पुढे जाण्यास अडथळा होतो. मग पंख्याला अधिक वीज लागते. पिशव्या झटकण्यासाठी दाबाची हवा सोडावी लागते, त्यासाठी कॉम्प्रेसर चालवावा लागतो. ओलाव्याने पिशव्या चिकट होतात, अतिउष्णतेने जळतात, ठिणगीने भोके पडतात. एक पिशवी फाटली तरी धूर त्याच वाटेने निघून जातो. साध्या बॅग फिल्टरमध्ये बहुधा पॉलिएस्टरचे जाड नमदेवजा कापड वापरतात. म्हणजे जे सूत या शहराचे पोट भरते, त्याच जातीचे सूत शहराची छाती सांभाळू शकते. पण पिशव्या वेळेवर बदलणे खर्चाचे काम आहे आणि त्या खर्चातून एक मीटरही जादा कापड निघत नाही. त्यामुळे रात्री यंत्र बंद ठेवण्याचा किंवा धूर बाजूच्या नळीने सोडून देण्याचा मोह होतो. हा मोह केवळ दुष्ट माणसालाच होतो असे नव्हे. तो हिशेबी माणसाला होतो, आणि सुरतेत हिशेबी माणसांची वाण नाही.

आपल्या व्यवसायात याचे प्रतिरूप रोज दिसते. दम्याच्या रुग्णाकडे इनहेलर असतो, पण तो कपाटात असतो. औषध लिहून दिले म्हणजे ते घेतले गेले, असे आपण मानत नाही. मग धुराड्याच्या बाबतीत कागदोपत्री यंत्र आहे म्हणून समाधान का मानावे?

तपासणीचे पैसे कोण देतो?

यावर पूर्वीपासूनचा उपाय म्हणजे तपासणी. गुजरातमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मोठ्या कारखान्यांचे त्रयस्थ तपासनीसांकडून पर्यावरणीय परीक्षण करून घेण्याची पद्धत सुरू झाली. पण त्या तपासनीसाची निवड कारखाना करी आणि शुल्कही कारखानाच देई. २००९ ते २०११ या काळात अहमदाबाद आणि सुरत परिसरातील ४७३ कारखान्यांवर एस्थर दुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्याने एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१९ मध्ये दुफ्लो यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते अशाच प्रयोगनिष्ठ संशोधनासाठी.

जुन्या पद्धतीच्या परीक्षण-अहवालांनुसार धुळीच्या मर्यादेचे उल्लंघन करणारे कारखाने अवघे ७ टक्के होते. स्वतंत्र फेरतपासणीत तेच प्रमाण ५९ टक्के निघाले. अहवालांतील आकडे दर घनमीटरला १५० मिलिग्रॅम या मर्यादेच्या किंचित खाली गर्दी करून बसलेले आढळले. आपल्याकडे एखाद्या प्रयोगशाळेतून येणाऱ्या प्रत्येक रुग्णाची साखर 'नॉर्मल'च्या जेमतेम आत येऊ लागली, तर आपण रुग्णांचे अभिनंदन करणार नाही. प्रयोगशाळेचे यंत्र तपासू.

प्रयोगातील काही कारखान्यांसाठी नियम बदलण्यात आले. तपासनीस सोडतीने नेमला, त्याचे ठरावीक शुल्क सामाईक निधीतून दिले आणि त्याच्या काही नोंदींची अचानक फेरतपासणी केली. एवढ्याने कारखान्याला खोटा 'उत्तीर्ण' शेरा देण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटले आणि कारखान्यांतून बाहेर पडणारे प्रदूषणही कमी झाले. गाळणी तीच, माणसे तीच होती. बदलले ते एवढेच, की पैसे कोणाच्या हातून मिळतात. वैद्यकीय व्यवसायातील 'कट'ची चर्चा करताना हे उदाहरण आपण सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हजिऱ्याचा गॅस आणि पांडेशऱ्याचा धूर

याच शहराच्या पश्चिमेला हजिऱ्यात एक वेगळेच दृश्य आहे. मुंबईच्या समुद्रातील बसीन क्षेत्राचा नैसर्गिक वायू नळाने हजिऱ्याच्या ओएनजीसी प्रकल्पात येतो. त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. तो विषारी तर असतोच, शिवाय नळही कुरतडतो. प्रकल्पात हा वायू विशिष्ट द्रावणातून धुऊन काढतात, त्यातील गंधक वेगळे करतात आणि मगच शुद्ध झालेला गॅस पुढे पाठवतात. हे काम दशकानुदशके अखंड चालू आहे.

एकाच शहरात गॅस इतका काटेकोर गाळला जातो आणि धूर गाळण्यात हयगय होते, असे का? तंत्र अवघड म्हणून नव्हे. गॅस धुणे धूर गाळण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. खरे कारण असे की, गॅसला गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक नळाच्या तोंडाशी मोजते आणि ठरल्यापेक्षा अधिक गंधक असेल तर माल घेत नाही. धुराला गिऱ्हाईक नाही. तो फुकट हवेत जातो आणि त्याची किंमत अशी माणसे चुकवतात, ज्यांची सही कोणत्याही करारावर नसते.

धुराला लागलेली किंमत

धुराला किंमत लावण्याचा प्रयोग सुरतेत २०१९ साली झाला. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्यांच्या धुरातील धुळीसाठी उत्सर्जन व्यापार योजना सुरू केली. धुळीच्या कणांसाठी असा बाजार जगात प्रथमच भरला. योजनेचे स्वरूप सोपे आहे. सर्व कारखान्यांनी मिळून ठरावीक मुदतीत किती धूळ सोडावी याची एकूण मर्यादा मंडळ ठरवते. तेवढ्याच वजनाचे परवाने वाटले जातात. प्रत्येक धुराड्यात बसवलेले यंत्र धुळीची अखंड नोंद घेऊन ती मंडळाकडे पाठवते. ज्याने गाळणी नीट चालवली, त्याच्याकडे परवाने शिल्लक राहतात, ते तो विकू शकतो. ज्याने हयगय केली त्याला ते विकत घ्यावे लागतात. मुदत संपल्यावर परवाने कमी पडले, तर आधी भरलेल्या अनामतीतून दंड वळता होतो.

आपल्या व्यवसायबंधूंना या योजनेची पुढील गोष्ट विशेष भावेल. तिची पारख औषधाच्या चाचणीप्रमाणे केली गेली. कोळसा वा तत्सम इंधन जाळणाऱ्या ३१७ कारखान्यांपैकी १६२ कारखाने सोडतीने बाजारात घेतले गेले, उरलेले जुन्याच नियमांखाली राहिले. नोंद घेणारी यंत्रे मात्र दोन्ही गटांत बसवली होती. ग्रीनस्टोन, पांडे, रायन आणि अनंत सुदर्शन यांचा हा अभ्यास २०२५ साली 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारातील कारखान्यांचे धुळीचे उत्सर्जन दुसऱ्या गटाच्या तुलनेत २० ते ३० टक्क्यांनी घटले. त्यांपैकी ९९ टक्के कारखान्यांनी आपल्या धुराइतके परवाने बाळगून नियम पाळला. जुन्या पद्धतीतील कारखान्यांत उल्लंघनाचे प्रमाण किमान एकतृतीयांश राहिले. धूळ कमी करण्याचा खर्चही सुमारे ११ टक्क्यांनी कमी आला आणि समाजाला होणारा लाभ खर्चाच्या किमान २५ पट असल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे.

यंत्रे दोन्ही गटांत होती, ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. केवळ मोजल्याने धूर कमी झाला नाही. मोजलेल्या आकड्याला परिणाम जोडला, तेव्हा तो कमी झाला. रक्तदाब वहीत लिहून ठेवल्याने उतरत नाही, वही पाहून उपचार बदलले तर उतरतो.

दोन आक्षेप

या योजनेवर घेतला जाणारा पहिला आक्षेप नैतिक आहे. प्रदूषण करण्याचा हक्क विकत मिळावा काय? आक्षेप वजनदार आहे. पण योजनेपूर्वी हा हक्क फुकट उपभोगला जात होता, हे विसरून चालणार नाही. मला अधिक काळजी वाटते ती निराळ्याच गोष्टीची. शहराची एकूण धूळ घटली तरी एखादी मिल परवाने विकत घेऊन पूर्वीइतकाच धूर सोडत राहू शकते. तिच्या भिंतीला लागून असलेल्या चाळीतील मुलाला शहराच्या सरासरीचा उपयोग नाही. शिवाय ही योजना धुळीपुरती आहे, विषारी वायूंना ती स्पर्श करत नाही. ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून रासायनिक टाकाऊ द्रव नाल्यात सोडला जात असताना विषारी वायू पसरला आणि जवळच्या मिलमधील ६ कामगार प्राणास मुकले. ते गाळणीच्या दोषाने गेले नाहीत. जे शुद्धीकरण केंद्रात जायला हवे होते, ते रात्रीच्या अंधारात गाळणीला वळसा घालून नाल्यात गेले. जेथे मोजमाप नाही तेथे काय होते, याचे याहून दुःखद उदाहरण नसेल.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा आहे आणि तो आपल्याच घरातून येतो. तापी खोऱ्यातील रेल्वेने खानदेशातून येऊन या शहरात स्थिरावलेल्या आपल्या हजारो समाजबांधवांची चूल लूम आणि मिलच्या जिवावर पेटते. मिल बंद पडावी, असे कोण म्हणेल? मीही म्हणत नाही. उलट सुरतेच्या प्रयोगाचा अर्थ असा, की मिल चालू ठेवून, खर्च न वाढवता, धूर कमी करता येतो. 'नोकरी की फुफ्फुस' अशी निवड कामगारापुढे टाकणे हीच मुळी फसवणूक आहे.

आपण काय करावे?

येथे डॉक्टरांचा संबंध कोठे येतो, असे कोणी विचारील. अमेरिकेतील यूटा राज्याच्या एका खोऱ्याची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील पोलाद कारखाना १९८६ च्या ऑगस्टपासून सुमारे १३ महिने बंद होता. आर्डेन पोप या अभ्यासकाने तेथील रुग्णालयांच्या नोंदी चाळल्या. शाळेत जाण्याच्या वयाआतील मुलांना ब्राँकायटिस व दम्यासाठी दाखल करण्याचे प्रमाण, कारखाना चालू असताना बंद काळाच्या सुमारे दुप्पट असे. १९८९ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष पुढे सूक्ष्म कणांच्या नियमांचा एक आधार ठरला. या शोधासाठी नवे यंत्र लागले नाही. रुग्णालयांनी दाखल रुग्णांची नोंद नीट ठेवली होती, एवढे पुरले.

आपल्या केसपेपरवर रुग्णाचे वय असते, वजन असते, पत्ता बहुधा अर्धवट असतो आणि व्यवसाय जवळजवळ कधीच नसतो. 'नोकरी' एवढे लिहून भागत नाही. कोणत्या मिलमध्ये, कोणत्या खात्यात, बॉयलरवर की रंगाच्या विभागात, घरापासून धुराडे किती दूर, रात्री खोकला वाढतो का, सुटीत गावी गेल्यावर तो थांबतो का, या पाच-सहा प्रश्नांना दोन मिनिटे पुरतात. दिवाळीत वा मे महिन्यात धुळे, जळगाव, नंदुरबारकडे गेलेला रुग्ण तेथे औषधावाचून बरा राहत असेल, तर ते महत्त्वाचे निदानसूचक आहे. आपल्या मंडळाच्या सभासदांनी रुग्णाचे नाव गुप्त ठेवून एवढी माहिती एकाच नमुन्यात नोंदवली, तर काही वर्षांत कोणत्या वस्तीत श्वासविकार अधिक आहेत, हे आपण पुराव्यानिशी सांगू शकू. धुराड्याचे यंत्र एकूण धूळ मोजते. वस्तीतील माणसावर झालेला परिणाम आपणच मोजू शकतो.

दुसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या घरातील. आपल्या रुग्णालयांतील हेपा फिल्टरची गळती-चाचणी कधी झाली? वातानुकूलन यंत्राची जाळी कोण धुतो, त्याची नोंद आहे का? जनरेटरचा धूर शेजाऱ्याच्या खिडकीशी तर सुटत नाही ना? मिलमालकाला प्रश्न विचारण्यापूर्वी ही उत्तरे आपल्या टेबलावर असावीत.

तिसरी गोष्ट, एअर प्युरिफायरविषयी प्रामाणिक सल्ला. दीर्घकालीन श्वासविकाराच्या अंथरुणग्रस्त रुग्णासाठी, बंद खोलीत, खोलीच्या आकाराला साजेसा हेपा असलेला प्युरिफायर उपयोगी पडू शकतो. ओझोन सोडणारी यंत्रे टाळावीत. फिल्टर वेळेवर बदलावा. पण आपल्या हवामानात खिडक्या वर्षाचा बहुतेक काळ उघड्या असतात आणि उघड्या खिडकीत हे यंत्र हतबल होते. घरात डासांची कॉइल आणि उदबत्ती जळत असेल तर आधी ती बंद करावी, तिला पैसा लागत नाही. आणि हे सांगून झाल्यावर रुग्णाला एवढेही सांगावे, की हे यंत्र तुमच्या खोलीपुरते आहे, तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या खोलीत ते नाही.

चौथी गोष्ट सामुदायिक मागणीची. धुराड्यांची अखंड नोंद मंडळाकडे जमा होते. ती त्या त्या वस्तीतील रहिवाशाला त्याच्या भाषेत, सहज समजेल अशा रूपात दिसली पाहिजे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ साली कारखान्यांना धुराच्या मोजमापावरून एक ते पाच तारे देऊन ते जाहीर करण्यास प्रारंभ केला होता. तशी साधी खूण प्रत्येक मिलच्या फाटकावर का असू नये? डॉक्टरांच्या संघटनेने ही मागणी केली तर तिच्यामागे कोणाचा स्वार्थ आहे, असे म्हणता येणार नाही.

हे सर्व अशक्यप्राय वाटत असेल, तर १९९४ चा सप्टेंबर आठवावा. प्लेगच्या बातमीने लाखो माणसे शहर सोडून गेली, आणि सुरत म्हणजे घाण असे समीकरण देशभर झाले. पुढील काही वर्षांत आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत याच शहराने कचरा उचलण्याची शिस्त लावून घेतली. ती शिस्त रोज तपासली जात असल्याने टिकली. २०२४ च्या केंद्र सरकारच्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत सुरत पहिली आली. याचा अभिमान जरूर असावा, पण असे क्रमांक मुख्यतः केलेल्या उपायांना आणि झालेल्या सुधारणेला मिळतात. भारताच्या २००९ च्या मानकांनुसार सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेली मर्यादा ५ आहे. या दोन आकड्यांमधील अंतर आपले रुग्ण श्वासागणिक कापत आहेत.

कचरा डोळ्यांना दिसत होता, म्हणून तो उचलला गेला. सूक्ष्म कण दिसत नाहीत. ते दिसतात ते क्ष-किरण चित्रात, पीक-फ्लो मीटरवर आणि रात्रपाळीच्या कामगाराच्या खोकल्यात, आणि या तिन्ही जागा आपल्या नजरेखालच्या आहेत. तेव्हा पुढील स्मरणिका निघेल त्या वेळी निदान आपल्या सभासदांच्या केसपेपरवर 'व्यवसाय' आणि 'वस्ती' हे दोन रकाने भरलेले असावेत, एवढीच सर्व व्यवसायबंधू-भगिनींकडे नम्र विनंती.